पंचवटीतील नामावळी: माहेरच्या नऊ पुरुषांचा शोध

वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही दोघे भावंडे नाशिकला रामकुंडावर गेलो होतो. विधी चालू असताना गुरुजींनी पूर्वजांची नावे विचारली. वडिलांचे, आजोबांचे आणि पणजोबांचे नाव भावाने सांगितले, आजीचे मी सांगितले आणि पणजीच्या नावाशी आम्ही दोघेही अडलो. गुरुजींना त्याचे नवल वाटले नाही. "गाव सांगा, वहीत असेल," असे म्हणून त्यांनी मुलाला घरी पिटाळले आणि विधी पुढे चालू ठेवला. अर्ध्या तासाने लाल फडक्यात बांधलेली एक लांबट वही आली. तिच्यात पणजीचे नाव खरोखरच होते आणि तेही आमच्या आजोबांच्या हस्ताक्षरात. त्या दिवशी वही नीट पाहण्याची मनःस्थिती नव्हती, वेळही नव्हता. पुढच्या आठ महिन्यांत मी नाशिकला आणखी दोनदा गेले, मोडी वाचणाऱ्या एका जाणकारांची मदत घेतली आणि शेवटी कोकणातील मूळ गावीही जाऊन आले. हा अभिप्राय त्या सगळ्या खटाटोपावर आधारलेला आहे. आपले कूळ शोधायला निघालेल्यांना या सेवेकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे त्यांना आधीच ठाऊक असावे असे मला वाटते. (गावाचे नाव, आडनावे आणि उपाध्यायांचे घर मी मुद्दाम सांगत नाही, कारण त्या पानांवर माझ्याखेरीज इतरांचीही माणसे आहेत.)

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडील या वह्यांना नामावळी म्हणतात. अशाच वह्या त्र्यंबकेश्वरी आहेत, काशी आणि गया येथे आहेत आणि हरिद्वारच्या पंड्यांकडील वह्यांची तर अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) चित्रे घेऊन ठेवली आहेत. व्यवस्था सर्वत्र साधारण एकच आहे. कोणत्या गावचे, कोणत्या आडनावाचे आणि कोणत्या जातीचे यात्रेकरू कोणत्या उपाध्यायांकडे जायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. यात्रेकरू आला की त्याचे नाव, बरोबर आलेल्यांची नावे, मुलांची नावे, येण्याचे कारण आणि तिथी लिहून घेतली जाते आणि त्याखाली त्याची सही किंवा निशाणी घेतात. जुन्या नोंदींत आणखी एक वाक्य असते, ज्याला लेख म्हणतात: आमच्या वंशातील जो कोणी येथे येईल त्याने तुम्हालाच उपाध्याय मानावे, अशा अर्थाचे. म्हणजे यजमानांचे नाते आणि उपाध्यायांचा हक्क या दोहोंचा तो एकाच वेळी पुरावा असतो, आणि म्हणूनच या वह्या इतक्या निगुतीने जपल्या गेल्या.

रामकुंडावर जाऊन कोणालाही "अमुक गावचे उपाध्याय कोण?" असे विचारले की तुम्हाला योग्य घरी पोहोचवले जाते. आडनाव सांगण्यापेक्षा गाव सांगणे अधिक उपयोगी ठरते, आणि गाव म्हणजे मूळ गाव, तालुक्यासह. मी डोंबिवली म्हटले तेव्हा गुरुजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत, त्यांनी फक्त "हल्ली वस्ती झाली, मूळ सांगा" एवढेच म्हटले आणि मग एक प्रश्न विचारला, जो माझ्या मनात अजून आहे: "सासरचे बघायचे की माहेरचे?" सासरच्या गावचे उपाध्याय दुसरे आहेत, त्यांच्याकडे मी आजवर गेलेले नाही.

अमावास्या, सुट्टीचे दिवस आणि संपूर्ण पितृपक्ष टाळावा. त्या दिवसांत गुरुजींना श्वास घ्यायला फुरसत नसते. २०२७ सालचा सिंहस्थ तोंडावर आलेला असल्याने गर्दी वाढतच जाणार आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळचे विधी आटोपल्यावर, आधी फोन करून घरी गेले तर ते निवांत बसून वही उलगडतात. वही आपल्या हातात देत नाहीत. पाने तेच उलटतात. आमचे पान हाताने उतरवून घेऊ दिले, त्या पानावरील आमच्याच नोंदींचे छायाचित्रही घेऊ दिले, मात्र शेजारच्या नोंदींवर त्यांनी कोरा कागद ठेवला. पहिल्यांदा हे मला अति वाटले होते. आता वाटते, त्या कागदासाठीच या सेवेवर विश्वास ठेवावा.

दुसऱ्या भेटीत त्यांनी आमच्या गावाचे पान काढले तेव्हा एकाखाली एक चार नोंदी दिसल्या. सर्वांत वरची शके १८२० च्या कार्तिकातली, म्हणजे १८९८ सालची, खापरपणजोबांची. ते भावाच्या अस्थी घेऊन आले होते आणि वस्ती परळ अशी लिहिलेली होती. मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला होता आणि गिरण्यांतील पुष्कळ कामगार जीव घेऊन गावी परतले होते. भाऊ कशाने गेला हे वहीत नाही, म्हणून मीही काही म्हणत नाही. खाली मोडीत "निशाणी आंगठा" असे शब्द होते. दुसरी नोंद १९३२ ची, पणजोबांची, आणि तिच्याखाली मोडीत थरथरती पण पूर्ण सही. तिसरी १९५६ ची, आजोबा आपल्या आईच्या अस्थी घेऊन आले तेव्हाची. सही बाळबोध, म्हणजे देवनागरीत, वळणदार, शाळेत कित्ता गिरवलेल्या मुलाची असते तशी. चौथी वडिलांची, १९८३ ची, निळ्या बॉलपेनने घाईघाईत केलेली, जी मी त्यांच्या बँकेच्या पासबुकापासून माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकापर्यंत हजारदा पाहिली होती. अंगठा, मोडी, बाळबोध, बॉलपेन. गिरणीत काम करणाऱ्या एका घराने चार पिढ्यांत लिहिणे कसे मिळवले, ते माझ्यासमोर वीतभर जागेत होते. आमच्या घरी शिक्षणाबद्दल जे काही अभिमानाने बोलले जाई त्याची सुरुवात नेहमी आजोबांपासून होत असे. पणजोबांना सही करता येत होती हे वडिलांनाही माहीत नव्हते.

नामावळीची खरी कसोटी मात्र त्याच पानावर लागली. खापरपणजोबांच्या नोंदीत त्यांच्यामागच्या दोन पिढ्या "अमुक बिन तमुक", म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, अशा जुन्या पद्धतीने दिलेल्या होत्या. भावापासून मोजले तर एकूण सात पुरुष होत होते. पण सालांचा हिशेब काही केल्या जुळत नव्हता. त्याच गावातील दुसऱ्या शाखेच्या नोंदीत तोच मूळ पुरुष दिलेला होता आणि त्यांच्याकडे मधल्या पिढ्या आमच्याहून दोनने अधिक होत्या. गुरुजींना हे दाखवल्यावर त्यांनी वही पुन्हा निरखली आणि सांगितले की हे पान मूळचे नाही. जुनी वही कसरीने खाल्ली, तेव्हा कोणीतरी ती नव्या वहीत उतरवून घेतली होती. मूळ वही फेकलेली नव्हती. घराची वाटणी झाली तेव्हा वह्यांचीही झाली आणि ती चुलतघराकडे गेली. त्यांनी तेथे फोन केला, मला पत्ता समजावून दिला आणि तिसऱ्या भेटीत मी त्या दुसऱ्या घरी गेले.

जुन्या वहीचा कागद हातकागदाचा, जाड, कडांना चाळणीसारखा झालेला होता. आमच्या गावाचे पान निघाले तेव्हा पहिल्यांदा नजर गेली ती अंगठ्यावर. नकलेत केवळ शब्द होते. येथे खुद्द अंगठा होता. शाई जरा जास्त लागली असावी, कारण मधोमध काळा डाग होता आणि रेषा फक्त डाव्या कडेला उमटल्या होत्या, पाच-सहा, नखाच्या बाजूने वर वळलेल्या. शेजारी बारीक अक्षरात लिहिणाऱ्याचा दस्तुर, म्हणजे नोंद कोणाच्या हातची ते. मी माझा अंगठा त्याच्या शेजारी, कागदाला न लावता, धरून पाहिला. गुरुजींनी काही म्हटले नाही. त्यांनी हे बहुधा अनेकदा पाहिले असावे.

आणि चूकही सापडली. आपल्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे वंशात एकच नाव एक पिढी सोडून पुन्हा येते. मूळ नोंदीत ते नाव दोनदा होते. नक्कल करणाऱ्याची नजर पहिल्या नावावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधल्या दोन पिढ्या गळाल्या. सात पुरुष नव्हते, नऊ होते. हा दोष मी या सेवेचा सर्वांत मोठा दोष मानते, कारण नक्कल करणारा अप्रामाणिक नव्हता आणि तरीही दोन माणसे शंभर वर्षे नाहीशी झाली. म्हणून माझी आग्रहाची सूचना आहे की वही दाखवली की "ही मूळ आहे की उतरवलेली?" हे नम्रपणे विचारावे, मधल्या पिढ्यांची सरासरी वये मनात धरून सालांचा हिशेब करून पाहावा आणि शक्य असेल तर गावातील दुसऱ्या शाखेच्या नोंदीशी ताडून घ्यावे.

ताडून पाहण्याची इतर साधने महाराष्ट्रात आहेत आणि ती वापरायलाच हवीत. जन्म-मृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४, कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचे जुने फेरफार आणि त्यांतील वारसनोंदी, ही सगळी तहसील, भूमी अभिलेख कार्यालय आणि गावची शाळा यांच्याकडे मिळू शकतात. ज्यांना जातीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा आहे त्यांनी तर नाशिकला येण्याआधी हीच कागदपत्रे शोधावीत. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ हे मानीव दिनांक आहेत आणि त्यापूर्वीची नोंद त्यांना लागते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून मोडी वाचणाऱ्यांकडे एवढे काम आले आहे की मला माझ्या तीन पानांसाठी दीड महिना थांबावे लागले.

थांबले ते योग्यच झाले. मोडीत ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द सुटे लिहीत नाहीत, आधी ओळ आखून तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरे ओढत नेतात. ओळखीचे नावसुद्धा अनोळखी दिसते. ज्यांनी माझी पाने वाचली त्यांनी प्रत्येक शंकास्पद अक्षराखाली पेन्सिलीने रेघ मारून दोन-दोन पर्याय लिहून दिले, आणि जे वाचता आले नाही तेथे "अवाच्य" असे लिहिले. असा वाचक मिळाला तर त्याच्या मेहनतान्यात घासाघीस करू नये. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून या कागदांवर काम करीत आले आहे. मोडी शिकवणारे वर्गही होतात. तीन पानांपुरते वाचन कोणालाही विकत घेता येईल, पण आपल्याच घराचे कागद स्वतः वाचण्याचे समाधान त्यात नाही, म्हणून मीही आता मोडी शिकते आहे.

याच काळात मी दुसऱ्या दोन सेवा घेऊन पाहिल्या. एका संकेतस्थळाने आडनाव घेऊन "संपूर्ण कुलवृत्तांत" पाठवण्याचे कबूल केले, पैसे आगाऊ घेतले आणि त्या आडनावाच्या कोणालाही चालेल असा गोत्र, प्रवर आणि कुलस्वामिनीचा छापील मजकूर पाठवला. आमचे आजचे आडनाव मुळात शाळेत नाव घालताना मास्तरांनी गावावरून "कर" लावून दिलेले. १८९८ च्या नोंदीत ते नाहीच, तेथे वेगळेच आडनाव आहे, जे गावच्या भावकीत अजून चालते. आडनावावरून कूळ सांगणाऱ्यांचा पाया किती ठिसूळ असतो ते यावरून कळेल. अशा सेवेवर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी सेवा लाळेच्या तपासणीची. ती माझ्या मुलीने घेतली आणि तिच्याबद्दल मी अधिक आदराने लिहीन, कारण वहीने जे कधीच दिले नसते ते तिने दिले. पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारे वाय गुणसूत्र आम्हा बायकांत नसते; त्यामुळे मुलीच्या तपासणीतून दिसली ती आईची बाजू, म्हणजे मी, माझी आई, तिची आई अशी मागे जाणारी, ज्या वंशाची एकही वही या देशात कुठल्या घाटावर नाही. अहवालात गाव नाही, नाव नाही, केवळ एका प्राचीन मातृवंशाची खूण आणि नकाशावर रंगवलेला मोठा प्रदेश आहे. भावकी त्यातून सापडणार नाही. पण नामावळीच्या पानावर नऊ पुरुष पाहून आलेल्या माणसाने हा अहवाल जवळ ठेवावा, कारण हिशेब असा आहे: नवव्या पुरुषापर्यंत मागे गेले तर त्या एका पिढीत आपले २५६ पूर्वज असतात आणि वही त्यांतल्या एकाचे नाव सांगते.

उरलेल्या २५५ मध्ये निम्म्याहून अधिक बायका आहेत, आणि येथे नामावळी अगदी थोडी मदत करते. श्राद्धात आई, आजी आणि पणजीचा नावाने उच्चार होतो, म्हणून त्यांची नावे वहीत येतात. आमची पणजी तशीच सापडली. पण ते तिचे सासरचे नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने जे नवे नाव लिहिले, तेच पुढे आयुष्यभर चालले आणि तेच १९५६ साली आजोबांनी वहीत लिहिले. माहेरी ती कोण होती, कुठल्या गावची होती, हे कळायला ते नाव काही उपयोगाचे नाही. तिच्या माहेरच्या वहीत तिची नोंद झाली असेलच, तर ती दुसऱ्या नावाने, दुसऱ्या उपाध्यायांकडे, आणि बहुतेक "एक मुलगी" एवढीच. मी गुरुजींना विचारले की लेकींची नावे का लिहीत नाहीत. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, "लिहून देणारे सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही. हल्ली काही जण सांगतात, मग लिहितो."

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा अभिप्राय खरा होणार नाही. ज्या घरी मी वही पाहिली तेथून काळाराम मंदिर चालत काही मिनिटांवर आहे. त्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. दार उघडले नाही. माझ्या पणजोबांनी १९३२ साली पंचवटीत बसून मोडीत सही केली, ती त्याच सत्याग्रहाच्या दिवसांत. त्यांना येथे बसायला जागा होती, म्हणून त्यांची सही आहे. नामावळीला आपण पूर्वजांचे पुस्तक म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवले पाहिजे की ज्यांच्या पूर्वजांना या काठावर दूर ठेवले गेले, त्यांना आपली माणसे शोधायला दुसऱ्या कागदांकडे जावे लागते, आणि त्यांनी येथे न सापडणे हा त्यांच्या कुळाचा उणेपणा नव्हे. जी माणसे "आमच्याकडे नऊ पिढ्यांची नोंद आहे" हे मोठेपणा म्हणून सांगतात, त्यांच्याशी माझे या बाबतीत मुळीच पटत नाही.

तर मग या सगळ्यातून मिळाले काय? दक्षिण महाराष्ट्रातील माझ्या मावसबहिणीकडे हेळवी येतात. ते गावोगाव फिरून घराघरांची वंशावळ म्हणून दाखवतात आणि नवी नावे लिहून नेतात. तिला वंशावळ शोधावी लागली नाही, ती दारी आली. आमचे तसे नव्हते. परळची चाळ गेली, आजोबांनंतर गावी कोणी गेले नाही, आणि "आम्ही मूळचे कोकणातले" हे वाक्य आमच्या घरी मासे करण्याच्या पद्धतीपुरते उरले होते. वहीतील जुन्या आडनावावरून आणि दुसऱ्या शाखेच्या नोंदीवरून मी गावच्या सरपंचांमार्फत त्या भावकीतील एका काकांना गाठले. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो आमच्या जोत्याचा. घर केव्हाच पडले होते, पण गावात त्या जागेला अजून माझ्या खापरपणजोबांच्या नावाने "अमक्याचे जोते" म्हणत होते, ज्यांचे नाव मी तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा वाचले होते.

शिमग्याला आम्ही गेलो. पालखी घरोघर फिरत आली आणि काकांनी सांगून ठेवल्याप्रमाणे त्या रिकाम्या जोत्यावरही थांबली. चिऱ्यांच्या चार ओळी, मधे काजूचे एक झाड. मानकऱ्याने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणे घातले, त्यात जुन्या आडनावाने आमचे घर घेतले, "मुंबईकर लेकरे आज पायाशी आली आहेत" असे म्हटले आणि भोवतालच्या माणसांनी होकार दिला. भावाचा मुलगा, जो डोंबिवलीबाहेरच्या कुठल्याच गावाला आपले म्हणत नव्हता, त्याला पालखीला खांदा द्यायला बोलावले. तो उंच आहे. पालखी एका बाजूला कलू लागली, तशी त्याच्याच वयाच्या एका मुलाने काही न बोलता त्याला मागच्या दांडीला नेऊन उभे केले. नंतर कळले की तो त्याचा भाऊच लागतो, नऊ पुरुषांवरचा.

खर्चाचे सांगते. उपाध्यायांकडे दरपत्रक नाही. दुसऱ्या भेटीत मी ११०१ रुपये आणि जुनी वही असलेल्या घरी ५०१ रुपये दक्षिणा ठेवली. कोणीही मागणी केली नाही. मोडी वाचनाचे पानामागे ४०० रुपये झाले. पहिल्या दिवशी घाटावर एका अनोळखी इसमाने वही न पाहताच आमचे "मूळ घराणे" सांगायला सुरुवात केली होती; अशांपासून सावध राहावे, वही उघडल्याशिवाय सांगितलेली कोणतीही वंशावळ ऐकू नये. पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास मी नामावळीच्या या सेवेला चार देईन. पाचवा गुण राखून ठेवला आहे तो दोन गोष्टींसाठी. लेकींच्या नोंदी विचारून घ्यायला हव्यात. आणि वह्यांची छायाचित्रे काढून ठेवायला हवीत, कारण गोदावरीचा पूर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढला यावरून मोजणाऱ्या या वस्तीत, कसर लागलेल्या हातकागदाचा एकुलता एक संच माळ्यावर असणे मला सुरक्षित वाटत नाही. गुरुजींचा मुलगा संगणकाच्या क्षेत्रात आहे. त्याने हे मनावर घेतले आहे असे तो म्हणाला.

नाशिकहून निघण्यापूर्वी गुरुजींनी नवी नोंद घेतली. वडिलांचे नाव, तिथी, भावाचे नाव, त्याच्या मुलाचे नाव. मी म्हटले, माझेही लिहा, माहेरचे नाव लिहा, आणि माझ्या मुलीचेही लिहा. ते क्षणभर थांबले. लिहायला अडचण नव्हती, कुठे लिहायचे हा प्रश्न होता, कारण पानाची आखणी मुलगे धरूनच केलेली. शेवटी त्यांनी भावाच्या नावाशेजारी, त्याच ओळीत, माझे नाव लिहिले, त्याखाली मुलीचे, आणि पेन माझ्या हातात दिले. मी सही मोडीत केली. अक्षर चांगले आलेले नाही, पण ते पणजोबांच्या सहीखाली चार बोटांवर आहे.

गेल्या आषाढात गावाहून काकांचा फोन आला. भावकीतील एक वृद्ध गृहस्थ वारले होते, आणि मुंबईकरांना किती दिवस सांगायचे यावर तेथे मतभेद झाला होता. "ताई, तुमच्याकडे लिहून आहे म्हणून विचारतो. दहा धरायचे की तीन?" सात पुरुषांपर्यंत दहा दिवसांचे सुतक आणि त्यापुढे तीन, ही रीत मला ठाऊक होती. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मला स्वतःला त्यातले काहीच लागत नव्हते. मी कपाटातून माझा कागद काढला, मूळ पुरुषावर बोट ठेवले आणि खाली मोजत आले. नकलेप्रमाणे भाऊ सातवा येत होता, जुन्या वहीप्रमाणे नववा. "तीन," मी सांगितले. काकांनी मागे बसलेल्या कोणाला तरी तो आकडा ओरडून कळवला. मग मी भावाला फोन केला, आणि त्याच्या देवघरातील दिवा तीन दिवस लागला नाही.